नुसती नावं

लेकीच्या, सुरभीच्या पत्राला प्रभाकररावांनी आठ महिने उत्तर दिलं नव्हतं. तिनं अल्लीपूरच्या बौद्ध घरातल्या रुपेशशी लग्न केल्यापासून ते तिचा फोन उचलत नसत, म्हणून तिनं पत्र टाकलं होतं. शब्दकोशात दडवलेलं ते पत्र आता पाठ झालं होतं. ‘बाबा, पौर्णिमा सात वर्षांची झाली. छान गाते. तुम्ही बोलावलंत तर तिला घेऊन येते. नाहीतर हे शेवटचं पत्र.’

उत्तराचे बारा खर्डे झाले. एकही धड वाटला नाही. जन्मभर ग्रंथालयात दुसऱ्यांची पुस्तकं सांभाळली. स्वतःची चार वाक्यं लिहायची म्हटली की हात आखडायचा.

त्यात जानेवारीत सचिन गुरुजी नालवाडीच्या घरी आले. सव्वीस तारखेला वर्ध्याच्या मैदानावर गावोगावच्या शाळांचा देशभक्तिपर गाण्यांचा कार्यक्रम होता.

"निवेदन तुमीच लिहून द्या सर. आमची मराठी म्हणजे अर्धी हिंदी."

सोबत गाणाऱ्या मुलांची यादी होती. अकराव्या नावावर, पौर्णिमेच्या, प्रभाकररावांचं बोट थांबलं. दुसऱ्या दिवशी यादी परत दिली, तेव्हा सगळ्या आडनावांवर रेघा मारलेल्या होत्या.

"हे काऊन, सर?"

"नुसती नावं वाचा," ते खालमानेनं म्हणाले. "एकतेचा कार्यक्रम आहे. त्या दिवशी तरी आडनावावरून जात ओळखणं नको."

सचिन गुरुजींनी यादी घडी घालून खिशात ठेवली. "आमच्या डोक्यात नसतं आलं हे."

मैदान भरलं. काश्मिरी फेरन, पंजाबी पगडी, बंगाली साडी अशा वेषांत जिल्ह्यातलीच पोरं उभी होती. नाव पुकारल्यावर नऊवारीतल्या पौर्णिमेनं पहिली ओळ घेतली आणि सुलोचनाबाईंनी नवऱ्याचं मनगट धरलं.

"तुमच्या आईचा गळा हाय. लिहा आता तरी. नाई तं सुरभी आपल्याले मेलेच समजन."

शेजारच्या खुर्चीवर आळीतले मोतीलाल होते. "मस्त गाऊन राह्यली. कोनाची हो पोरगी?"

प्रभाकररावांनी चष्मा पुसायला काढला. "अल्लीपूरची आहे म्हणतात."

शेवटी सचिन गुरुजींनी माइकवर आडनावं वगळण्याची कल्पना कोणाची ते सांगितलं. टाळ्या थांबेनात. प्रभाकरराव कसेबसे उठले, हात जोडले. डोळे भरून आले होते. तोवर मुलं शाळेच्या गाडीत बसून गेली होती.

सकाळी त्यांनी एका बैठकीत पत्र लिहिलं. एकही खाडाखोड झाली नाही.

"बोलावलं नं?" सुलोचनाबाईंनी विचारलं.

"बोलावलं."

त्या पाटवड्यांसाठी बेसन चाळायला बसल्या. प्रभाकरराव स्वतः चालत गेले आणि पत्र पेटीत टाकलं.

‘चि. सुरभी, पौर्णिमेला घेऊन ये. तिचं गाणं ऐकलं. माझ्या आईचा गळा आहे. तुझी खोली झाडून ठेवतो. फक्त आळीत कोणी विचारलं, तर नुसतं नाव सांगायला तिला शिकवून आण.’