ध्रुवावरून जाताना

"मुंबईहून सॅन फ्रान्सिस्कोला सगळ्यात जवळचा रस्ता उत्तर ध्रुवावरून जातो, आई," बॅगेत लालबागचा मसाला कोंबत श्रेया म्हणाली.

आईला वेगळीच चिंता. "विमानात दक्षिणेला पाय करून झोपू नको हां, बाय. यमाची दिशा ती."

"अगं, फिजिक्समध्ये पीएचडी करायला चाललेय मी, आणि तुझं हे काय! विमान उत्तरेला जाणार, म्हणजे पाय पण उत्तरेलाच. खूश?"

अर्ध्या वाटेत श्रेयाला जाग आली. समोरच्या स्क्रीनवर विमान ध्रुव ओलांडून आता सरळ दक्षिणेला निघालं होतं. आजूबाजूला सगळे पाय पसरून घोरत होते.



श्रेयाने हळूच दोन्ही पाय सीटवर घेतले आणि उरलेला प्रवास मांडी घालून केला.