दोन लान्सर

लान्सरचे सुटे भाग आता कुठेच मिळत नव्हते. आपली गाडी चालू राहावी म्हणून हेरंब सामंतने सांगलीच्या पागेबाईंची तशीच जुनी जपानी गाडी विकत घेतली, ती मोडणार असं बाईंना सांगूनच. मग ती स्वतः चालवत मालवणला आणली.

गॅरेजमध्ये इस्माईलभाईंनी दोन्ही गाड्या खालून-वरून पाहिल्या. "सामंतसाहेब, तुमची खाऱ्या हवेनं पार सडलीय. बाईंची खणखणीत आहे. मोडायचीच तर तुमची मोडा."

हेरंब गोंधळला. आपल्या गाडीतूनच त्याने लेकीला दवाखान्यातून घरी आणलं होतं. तो आपल्या गाडीत बसला, उतरला, बाईंच्या गाडीत बसला, पुन्हा उतरला. रागवावं तर कुणावर, तेही त्याला कळेना.

शेवटी त्याने पागेबाईंना फोन लावला. "बाई, तुमची गाडी मोडत नाही मी."

पलीकडे बाईंना हुंदका आवरेना. मग एकदम काळजीने त्यांनी विचारलं, "पण तिला सुटे भाग कुठून आणणार हो?"

हेरंबने आपल्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला.

"आहेत," तो म्हणाला. "घरचेच आहेत."