आजीचा वाडगा

नऊ वर्षांपूर्वी हार्लनच्या आजीचा चांदीचा वाडगा घरातून चोरीला गेला. तेव्हापासून तो आणि त्याची बायको लेटिशिया जुन्या वस्तूंचा एकही बाजार चुकवत नसत.

आज एका टेबलावरचा, काहीही न कोरलेला चांदीचा वाडगा हार्लनने उचलला आणि सवयीप्रमाणे त्यावर 'हाऽ' करून तोंडाची वाफ सोडली. धुरकटलेल्या चांदीवर आजीची खरवडून काढलेली आद्याक्षरं क्षणभर उमटली.

"नाव खोडलेल्या चांदीला गिऱ्हाईक नाही हो," विक्रेता कुरकुरला. "नऊ वर्षं पडून आहे. त्या निळ्या कोटातल्या बाई दिसतात ना, त्यांनीच विकला. आधी अक्षरं घासून काढा म्हणून हटूनच बसल्या होत्या!"

पलीकडच्या टेबलापाशी निळा कोट सावरत लेटिशियाने नेहमीच्याच काळजीने विचारलं, "सापडला का रे आपला वाडगा?"