फळी थोरल्याला, कड्या धाकट्याला

चंद्रकांत वानखडेंनी मृत्युपत्र दुसऱ्यांदा वाचलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“ताई, हे सरळ कोर्टात जाते.”

“जाऊ दे की,” प्रमोदिनीबाई म्हणाल्या आणि चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला.

फेब्रुवारीतला रविवार होता. कॅनडातल्या मिसिसागात बर्फ एवढं पडलं होतं की लोक पार्किंगमध्ये काठीनं टोचून टोचून आपापली गाडी शोधत होते. खोटं वाटत असेल तर फेब्रुवारीत जाऊन बघा. चंद्रकांत नागपूरला जन्मभर वकिली करून आता खालच्या मजल्यावर मुलीकडे राहायला आलेले. साक्षीदार म्हणून सही करायला बाईंनी त्यांना वर बोलावलं होतं.

प्रकरण सोफ्यामागे उभं होतं. सागवानी झोपाळ्याची फळी आणि चादरीत गुंडाळलेल्या चार पितळी कड्या. तुम्ही म्हणाल, कॅनडात झोपाळा आला कुठून? आला विमानातून. कस्टमवाल्यानं फळी वाजवून पाहिली आणि विचारलं, सर्फिंगला निघालात का? नऊवारीतल्या बाई हो म्हणाल्या आणि पुढे गेल्या. पण काँडोच्या, म्हणजे इथल्या फ्लॅटच्या छताला भोक पाडायला परवानगी नाही, त्यामुळे झोपाळा टांगला मात्र कधीच गेला नाही.

मृत्युपत्रात बाईंनी लिहिलं होतं, फळी थोरल्या मुलाला, यशोधनला, कड्या धाकट्या नंदनला.

यशोधन वॉनला, गाडीनं अर्ध्या तासावर. नंदन पार देशाच्या दुसऱ्या टोकाला, सरेला. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. भांडले होते म्हणावं, तर तेही नाही. भांडले असते तर बाईंनी मिटवलं असतं. थंडीत नळ गोठावा तसं बोलणं बंद पडलं होतं, एवढंच.

“कड्यांशिवाय फळी म्हणजे पाट झाला, अन् फळीशिवाय कड्या म्हणजे भंगार,” चंद्रकांत म्हणाले. “तुम्ही तर भावाभावांत लावून देऊन राहिल्या.”

“कोर्टात दोघांना एका बाकावर बसावं लागतं ना?”

“आमच्या नागपुरात तरी लागे.”

“मग इथंही लागत असेल.”

ही अक्कल बाईंना त्यांच्या कामातून आली होती. ज्यांचे पूर्वज इंग्लंडातून आले अशा इथल्या लोकांना त्या चारशे वर्षांपूर्वीची त्यांची नाती शोधून द्यायच्या. सगळा शोध जुन्या मृत्युपत्रांतून आणि खटल्यांतून. पुण्यात मोडी वाचण्यात डोळे गेलेले, त्यामुळे ते गिचमिड इंग्रजी त्यांना फारसं अडायचं नाही. सध्या हॅमिल्टनच्या एका म्हाताऱ्या डेंटिस्टचं काम चालू होतं. त्याच्या घराण्यात जॉन आणि रॉबर्ट हे दोन भाऊ आईच्या मागे एका पितळी हंड्यासाठी अकरा वर्षं कोर्टात झगडले. त्या खटल्यात त्यांच्या जुन्या मोलकरणीची साक्ष होती. लहानपणी हे दोघं एका गोधडीत झोपायचे आणि एकाला ताप आला की दुसराही जेवायचा नाही, असं तिनं शपथेवर सांगितलं होतं. भांडले नसते तर हे कुणाला कळलं असतं?

तिसरा भाऊ होता जाइल्स. आईच्या मृत्युपत्रात त्याचं नाव एकदा येतं. वाट्याला आलं ते त्यानं निमूट घेतलं, कुणाशी तंटा केला नाही, आणि तिथून पुढे तो कुठेच सापडत नाही. डेंटिस्टला नेमका तोच हवा होता. माझा पूर्वज तोच, असं तो दर आठवड्याला फोन करून सांगायचा.

बाईंनी सकाळीच मृत्युपत्राचा फोटो दोन्ही मुलांना पाठवला होता. वेगवेगळा. आता त्या फोन उताणा ठेवून बसल्या होत्या.

यशोधनचा फोन आला. त्यांनी स्पीकर लावला. मागे ग्रोसरीच्या दुकानातला गलका होता.

“आई, बघितलं गं. फळीपण नंदनलाच देऊन टाक. माझ्या बेसमेंटमध्ये जागा कुठाय? आय ॲम फाइन विथ इट.”

“अरे, पण त्या फळीवर तुम्ही दोघं...”

“आय नो, आई. माझा नंबर आला. रात्री करतो.”

बाईंच्या कपातला चहा निवला तशी त्यांनी सायही न काढता तो पिऊन टाकला. मग नंदनचा मेसेज आला. चष्मा लांब असल्यामुळे त्यांनी फोन चंद्रकांतांकडे दिला.

“‘दादाला दे सगळं. नो इश्यूज. गुडघा कसाय?’” चंद्रकांतांनी आपला चष्मा चढवून वाचून दाखवलं आणि खुशीत मांडीवर थाप मारली. “वा! गुणी पोरं आहेत हो ताई. आमच्याकडे तर विहिरीच्या दोरावरून डोकी फुटायची. झालं, मिटलं तुमचं.”

बाई उठल्या. सोफ्यामागे वाकून त्यांनी फळीवरची धूळ पदरानं पुसली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश. मग लॅपटॉप उघडून डेंटिस्टला दोन ओळी लिहिल्या: खूप शोधलं, तुमचा माणूस मिळत नाही. आता फोन करू नये.

चंद्रकांतांनी पेनाचं टोपण काढलं. “बोला मग, फळी अन् कड्या कोणाच्या नावानं घालू?”

“जाइल्सच्या.”

“हा कोण? पोराचा मित्र काय?” त्यांनी कागद जवळ ओढला. “पत्ता सांगा.”

“तोच तर सापडत नाही,” प्रमोदिनीबाई म्हणाल्या.