जांभळाच्या बियांचा रेणू

नातीसोबत लवळ्याच्या कॉलेजातली रसायनशास्त्राची प्रयोगशाळा बघायला आलेले रिटायर्ड शहनवाज सर एका फळीपुढं थिजलेच. तिथं बेंझिनच्या रेणूसाठी पूर्वी सुचवलेले आकार मांडले होते. त्यातला एक तंबूसारखा, बांबूच्या काड्या नि जांभळाच्या बियांचा. एका पोरीनं केलेला असाच नमुना त्यांनी वीस वर्षांपूर्वी मुळशीत भर वर्गात पायाखाली चिरडला होता. "बेंझिनचा षटकोन शिकवलाय ना? असला रेणू जगात असूच शकत नाही!" ती पोर पुन्हा शाळेत आली नव्हती. "नाना, इथं लिहिलंय," नात म्हणाली, "हा बेंझिन नव्हे, पण असा रेणू खरंच आहे. १९७३ साली बनवलासुद्धा." सरांनी तो नमुना उचलला, तोच फरशी पुसणारी बाई धावत आली आणि त्यांना ओळखून जागीच थबकली. "सर, ह्या बारीला तरी मोडू नगा."