दोन वजनं जुळेपर्यंत

एम.एस्सी.च्या प्रयोगशाळेतला नियम साधा होता. रिकामी क्रुसिबल, म्हणजे चिनीमातीची छोटी वाटी, तापवायची, गार करायची, तोलायची. लागोपाठ दोन वजनं जुळेपर्यंत सुटका नाही.

या नियमानेच वीरेंद्रला वाचवलं होतं. सोमवारी त्याचा लालबागचा मित्र तुळशीदास त्याला मोर्च्याला न्यायला आला, तेव्हा वजनं खरं तर जुळली होती. वीरेंद्रने दुसरा आकडा मुद्दाम वाढवून लिहिला आणि वही त्याच्यापुढे धरली.

"जुळत नाहीत रे. तू हो पुढे. जुळली की आलोच."

"थांबतो की खाली," तुळशीदास म्हणाला. अर्धा तास थांबला म्हणे. मग एकटाच गेला, आणि फाउंटनच्या गोळीबारात पडला.

शोकसभेत सगळ्यात सुरेख भाषण वीरेंद्रचंच झालं.

दुसऱ्या दिवसापासून तीच क्रुसिबल रोज थोडी जड भरू लागली. रिकामी, स्वच्छ, तरीही जड.

"हात लावत असशील," सर खेकसले. "चिमट्याने धर."

तो चिमट्यानेच धरत होता.

आज भर दुपारी, सगळे जेवायला गेलेले असताना, वजन वाढायचं थांबलं. त्याने पुन्हा तापवली, गार केली, तोलली. चौथ्या दशांशापर्यंत दोन्ही वजनं जुळली. सुटलो एकदाचा, म्हणत त्याने वही उघडली.

आकडा तिथे आधीच होता. सोमवारचा, त्याने मनाने वाढवून लिहिलेला.

पाठीमागे, अगदी जवळ, जिने चढून दमलेला श्वास ऐकू आला.

"जुळली ना रे? चल आता."