शून्य टक्के मासळी

"आणि ही पेंड येते कुठून?" तपासनीस बाईंनी विचारलं.

कारखान्याचा मालक खाद्याच्या गोळ्यांची मूठ त्यांच्या हातावर ठेवता ठेवता थांबला. तोवर सगळं सुरळीत चाललं होतं. तळ्यात पाळलेल्या माशांचं हे खाद्य पूर्वी सुकी मासळी दळून व्हायचं. आता त्यात सोयाबीनची पेंड होती. समुद्रातला एकही मासा नाही, म्हणून पोत्यावर हिरवा शिक्का: 'समुद्र वाचवणारं खाद्य'. शिक्क्याची मुदत या महिन्यात संपत होती. तो गेला तर मोठी गिऱ्हाइकं जाणार, आणि त्यांच्यामागून चाळीस कामगारांची कामं.

"बंदरातून येते," मालक म्हणाला.

"बंदरात काही पिकत नाही हो."

हा शिक्का देणाऱ्या कार्यालयात नऊ वर्षं टेबलामागे काढून बाई पहिल्यांदाच बाहेर तपासणीला आल्या होत्या. त्यांना जिथे तिथे नाक खुपसायचं होतं. त्यांनी गोळी हुंगली, फोडली, जिभेवर ठेवून थुंकलीसुद्धा. पोत्यावरची बारीक अक्षरं वाचायला त्या चक्क जमिनीवर बसल्या. पेंड सातासमुद्रापलीकडून आली होती. एवढं सोयाबीन पिकवायला जमीन किती लागत असेल? आणि त्या जमिनीवर आधी काय होतं? छापील नमुन्यात असले प्रश्नच नव्हते. तिथे एकच रकाना होता: मासळी किती टक्के? शून्य. झालं, पैकीच्या पैकी गुण.

मालकाने चहा मागवला. पंखा वाढवला. उगाच हवापाण्याचं बोलला. चोराच्या मनात चांदणं, बाई मनाशी म्हणाल्या, आणि खरं तर त्यांना मजाच वाटू लागली.

"खरं सांगा, तिथे आधी जंगल होतं ना?"

"होतं. सहा वर्षांपूर्वीपर्यंत."

इतकं सरळ उत्तर येईल असं बाईंना वाटलं नव्हतं. "आणि तुम्ही हे लपवून ठेवलंत?"

मालकाने कपाटातून एक फाइल काढली. ती उघडताना तो भलताच अवघडला होता.

"लपवलं नाही, मॅडम. व्यापाऱ्याच्या तोंडून कळलं, त्याच आठवड्यात तुमच्या कार्यालयाला पत्र लिहिलं. जंगल तोडून पिकवलेली पेंड या शिक्क्याला चालते का, असं स्पष्ट विचारलं. चार वर्षं झाली त्याला. उत्तर आलं आणि मीही गप्प बसलो. चूकच झाली माझी. पण आज तुमच्यासमोर हे काढायला फार संकोच वाटत होता."

बाईंनी कागद हातात घेतला. मजकूर दोनच ओळींचा होता. 'सदर बाब विहित नमुन्यात समाविष्ट नाही. प्रमाणपत्र मंजूर.' दिवसाला तीस-चाळीस शंकांना कार्यालयातून हाच मजकूर जायचा, पत्र न वाचता. बाईंना तो तोंडपाठ होता.

खाली सही त्यांचीच होती.